अंगणातली तबकडी, टपावरचा घुमट

डॅलसजवळच्या उपनगरात राहणाऱ्या थोरल्या साडूंनी निवृत्तीनंतर मोटरहोम घेतलं, तेव्हा लांबी, शेगडी, झोपायच्या जागा, पाण्याची टाकी या सगळ्यांवर घरात एकमत झालं. अडलं ते टीव्हीवर. घरी त्यांच्याकडे डायरेक्टीव्हीचं उपग्रह कनेक्शन आहे, तेही नव्वदच्या दशकापासूनचं. तेच गाडीत कसं न्यायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. धाकटे साडू फिनिक्सला राहतात. ते आरव्ही, म्हणजे मोटरहोमसारखी राहती गाडी, घेऊन बरीच वर्षं हिंडताहेत, आणि त्यांच्या गाडीत आहे डायरेक्टीव्हीची जुनी प्रतिस्पर्धी, डिश नेटवर्क. त्यांचं म्हणणं, प्रश्नच उलटा विचारला जातोय.

"अहो, सोपं आहे," थोरले म्हणाले. "महिन्याला एक बिल येतं, ते एकच राहू दे. घरचा एक बॉक्स उचलायचा, गाडीत लावायचा. आकाश काय फक्त डॅलसवर आहे?"

"आकाश सगळीकडे आहे, साडूभाऊ. पण तुमच्या कंपनीचे उपग्रह त्यात कुठे बसलेत आणि कशावर बोलतात, ते आधी बघा."

टीव्हीचे हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर 35,786 किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ साधत एकाच जागी उभे असल्यासारखे असतात. म्हणून अमेरिकेत प्रत्येक घरावरची तबकडी दक्षिणेकडे तोंड करून असते. डायरेक्टीव्हीच्या एचडी वाहिन्या प्रामुख्याने पश्चिम रेखांशाच्या 99 आणि 103 अंशांवरच्या उपग्रहांवरून येतात, आणि त्या येतात का-बँडवर, म्हणजे 18 ते 20 गिगाहर्ट्झच्या आसपास. 101 अंशांवरचा त्यांचा जुना उपग्रह के-यू बँडवर, 12 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतो, पण त्यावर जुन्या दर्जाचं चित्र. डिशचं सगळं काम के-यू बँडवरच चालतं. पश्चिमेकडचे तिचे उपग्रह 110, 119 आणि 129 अंशांवर आहेत.

घरासाठी या आकड्यांना काही अर्थ नाही. कंपनीचा माणूस येतो, छपरावर रुंद लंबगोल तबकडी ठोकतो, एकदाच कोन जुळवतो आणि जातो. पुढची दहा वर्षं घर काही हलत नाही. गाडीत मात्र हेच आकडे सगळं ठरवतात. के-यू बँडसाठी प्लास्टिकच्या घुमटाखाली झाकलेली, चार-पाच किलो वजनाची, स्वतःच फिरून उपग्रह शोधणारी छोटी तबकडी पुरते. त्यामुळे डिशचं एचडी अशा घुमटात येतं. डायरेक्टीव्हीच्या का-बँडला तो घुमट पुरत नाही. त्याला मोठी, उघडी तबकडीच लागते. लहान घुमटात डायरेक्टीव्हीचा फक्त 101 अंशांवरचा उपग्रह सापडतो, म्हणजे नवाकोरा मोठा टीव्ही घ्यायचा आणि त्यावर धुरकट चित्र बघायचं.

थोरल्यांना हे पटलं नाही, आणि त्यांचा पुढचा मुद्दा अगदीच गैरही नव्हता. "मग टपावर मोठी बसवू. मिळते ना बाजारात? बटण दाबलं की उठते, उपग्रह शोधते, निघताना आडवी होते."

"मिळते. हजार डॉलरच्या वर जाते. गाडी चालू असताना ती वापरता येत नाही, कारण ती उभी असेल तर पहिल्याच पुलाखाली तिचा निकाल. आणि टपावर बसवली की एक नवं बंधन येतं, तबकडीला मोकळं आकाश हवं म्हणून गाडीही उन्हात."

ॲरिझोनात राहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे आलं की त्याला वजन असतं. उन्हाळ्यात झाडाखाली उभी असलेली गाडी आणि उघड्यावर उभी असलेली गाडी यांतला फरक एसीच्या आवाजावरूनच कळतो. टपावरची तबकडी महागडी आणि आपोआप चालणारी असली, तरी झाडाची सावली की रात्रीचा सामना, यांतलं एक निवडायला लावते. जमिनीवर ठेवता येणारा घुमट किंवा तिवईवरची तबकडी असेल तर गाडी सावलीत राहते आणि केबल ओढून तबकडी मोकळ्या जागेत नेता येते. म्हणून बरेच मुरलेले आरव्हीवाले टपावर भोक पाडायच्या फंदात पडत नाहीत.

झाडांचा हिशेब धाकट्यांनी कागदावर मांडून दाखवला. फिनिक्सहून 119 अंशांचा उपग्रह क्षितिजापासून सुमारे 50 अंश वर दिसतो. सिएटलहून तोच 35 अंशांवर येतो, आणि अलास्कातल्या अँकरेजहून जेमतेम 16. वीस मीटर उंचीचं झाड दक्षिणेला असेल, तर फिनिक्सला त्यापासून सतरा-अठरा मीटर मागे सरकलं की पुरे. सिएटलच्या बाजूला हेच अंतर तीस मीटरच्या जवळ जातं. वायव्येकडची पाइन-फरच्या जंगलातली कॅम्पग्राउंड पाहिलेल्याला पुढे सांगावं लागत नाही. तिथे वीस मीटरची झाडं म्हणजे बाळं.

"म्हणजे ओरेगनात टीव्ही नाही?" थोरल्यांनी विचारलं.

"काही रात्री नाहीच. त्या रात्री बायकोशी गप्पा मारायच्या."

ताई, म्हणजे थोरल्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यापेक्षा झाड तोडा."

तिवईचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण दुकानातला माणूस ते पाच मिनिटांचं काम म्हणून सांगतो. आधी तिवई पाणसळीत लागते. खांब किंचित जरी कलला तरी पुढचे सगळे आकडे खोटे ठरतात. मग बॉक्समध्ये त्या गावाचा झिपकोड घालायचा. तो तीन आकडे देतो: दिशा, उंचीचा कोन आणि तबकडीचा तिरकेपणा. दिशा होकायंत्रावर बघायची, पण होकायंत्राची उत्तर ही खरी उत्तर नसते; फिनिक्सला त्यात नऊ-दहा अंशांचा फरक पडतो. एका अंशाची चूक म्हणजे उपग्रहाच्या जागी सहाशे किलोमीटरहून जास्त. मग एकाने बाहेर तबकडी केसभर सरकवायची आणि दुसऱ्याने आत टीव्हीसमोर बसून ओरडायचं, "आला... गेला... मागे घ्या!" शेवटी वाऱ्याने सगळं पडू नये म्हणून तिवईच्या मध्ये पाण्याने भरलेला गॅलनचा कॅन टांगायचा. सवय झाली की खरोखर दहा मिनिटांत जमतं. पण रोज संध्याकाळी नव्या गावी पोचणाऱ्याला, दिवसभर गाडी हाकल्यावर, ही दहा मिनिटं फार लांब वाटतात. एकाच जागी महिना-दोन महिने मुक्काम करणाऱ्याला त्यांचं काहीच वाटत नाही.

इथेच थोरल्यांच्या बाजूने बोलायची जागा आहे, आणि ती धाकट्यांनीही नाकारली नाही. थंडीत ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर हजारो मोटरहोम महिनोन् महिने उभी असतात. तिथे झाड नाही, ढग क्वचित. अशा मुक्कामाला घरचाच डायरेक्टीव्हीचा बॉक्स आणि तिवईवर मोठी तबकडी हे दोन्ही छान चालतात. दर हिवाळ्यात एकाच ठिकाणी जाऊन बसणाऱ्यांना कंपनी बदलायचं काहीच कारण नाही.

"पण आमचा बेत तसा नाही," ताई म्हणाल्या. "यलोस्टोन, ग्लेशियर, मग वॉशिंग्टन, मग कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने खाली. तीन रात्रींपेक्षा जास्त कुठे राहायचं नाही, हे ठरलंय."

घुमटाची बाजू घेताना धाकटे त्याची एक खोड लपवत नव्हते. बहुतेक लहान घुमट एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघतात. वाहिनी बदलली आणि ती दुसऱ्या उपग्रहावर असली, तर आतली तबकडी घरघरत वळते आणि मग चित्र येतं. गाडीत दोन टीव्ही असतील, तर दोन्हींवर एकाच उपग्रहावरच्या वाहिन्या बघाव्या लागतात. पुढे सामना आणि मागे बातम्या असं करताना बातम्या कधी गायब होतील, सांगता येत नाही. घरच्या छपरावरची तबकडी एकाच वेळी सगळे उपग्रह बघते, म्हणून घरी हा तंटा कधी उद्भवत नाही. पाऊसही दोघांना सारखा छळत नाही. लहर जितकी आखूड, तितकी ती पावसात जास्त गळते, म्हणून का-बँड के-यूपेक्षा लवकर हात टेकतो. पण लहान घुमट मुळात कमी सिग्नल गोळा करतो, त्यामुळे मुसळधार सरीत तोही मान टाकतो.

मग विषय निघाला सामन्यांचा आणि स्थानिक वाहिन्यांचा. थोरल्यांच्या मते डायरेक्टीव्हीचं खरं बळ सामन्यांत होतं. डॅलसचे लोक आपल्या काउबॉइज संघाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चुकवत नाहीत, आणि एनएफएलचं संडे तिकीट, म्हणजे रविवारचे बाहेरगावचे सगळे सामने, 1994 पासून डायरेक्टीव्हीकडेच होतं. त्यापायी कित्येकांनी ही तबकडी बसवली.

"होतं," धाकटे म्हणाले. "2022 च्या मोसमापर्यंत. 2023 पासून ते यूट्यूबकडे गेलं. ज्या कारणासाठी तुम्ही ही कंपनी धरलीत, ते कारणच घर सोडून गेलं."

थोरले गप्प झाले, पण क्षणभरच. "आणि स्थानिक बातम्या? घरी लागतात तशा?"

घरच्या शहराच्या वाहिन्या उपग्रह सबंध देशभर पसरवत नाही. त्या एका अरुंद झोतात त्या भागावर टाकल्या जातात. गाडी त्या झोताबाहेर गेली की सीएनएन, ईएसपीएन चालू राहतात आणि एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स बंद पडतात. टीव्ही बिघडला असं समजून दोन तास केबली तपासणारे नवखे प्रत्येक कॅम्पग्राउंडवर भेटतात. डिशला फोन करून मुक्कामाचा पत्ता कळवला की ती त्या गावच्या स्थानिक वाहिन्या चालू करते. दर तीन दिवसांनी हे करायचं म्हणजे कंटाळवाणं आहे, पण होतं.

याला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. मोटरहोमवाल्यांना आपल्या गाडीच्या नोंदणीची प्रत आणि एक प्रतिज्ञापत्र देऊन दूरच्या शहरांच्या नेटवर्क वाहिन्या उपग्रहावरून घेता याव्यात, अशी सवलत अमेरिकी कायद्यात वर्षानुवर्षं आहे. 2019 च्या कायद्याने ती आरव्ही आणि मालट्रकांसाठी कायमची केली, पण अट घातली: देशातल्या सर्व 210 टीव्ही बाजारपेठांत स्थानिक वाहिन्या देणाऱ्या कंपनीलाच ही मुभा. डिश ते 2010 पासून देत होती. डायरेक्टीव्हीच्या बारा छोट्या बाजारपेठा तेव्हा बाकी होत्या. बारा गावांच्या हिशेबाचा फटका हजारो मैल हिंडणाऱ्या मोटरहोमला बसावा, हे कायदे करणाऱ्यांनाच सुचू शकतं.

धाकट्यांची खरी शिफारस वाहिन्यांवर नव्हतीच, ती बिलावर होती. डिशकडे गाडीसाठी महिन्यापुरती योजना आहे. करार नाही, हिंडायचं असेल त्या महिन्याचे पैसे भरायचे आणि परत आल्यावर बंद करायची. बॉक्स स्वतःचा विकत घ्यावा लागतो. त्यासाठी वॉली नावाचा छोटा बॉक्स लोक वापरतात. त्याला बाहेरची हार्डडिस्क जोडली की रेकॉर्डिंगही होतं. ज्यांच्या घरी आधीच डिश आहे, त्यांना तोच बॉक्स घरच्या खात्यावर थोड्या जादा मासिक भाड्यात जोडता येतो.

"म्हणजे माझी दोन बिलं," थोरले म्हणाले.

"वर्षातून तीन महिने दोन. बाकी नऊ महिने एकच."

"आणि घरची डायरेक्टीव्ही?"

"राहू द्या की. घरच्या टीव्हीने काय पाप केलंय?"

या जागी प्रस्तुत लेखकाचं मत धाकट्यांकडे झुकतं. घराला आणि गाडीला एकच सेवा हवी, हा आग्रह वरवर काटकसरीचा वाटतो, पण त्यातून एक तर गाडीत महागडी मोठी तबकडी बसवावी लागते, नाहीतर घरची चालू, ओळखीची सेवा मोडावी लागते. घराची निवड वाहिन्यांवर करावी, गाडीची तबकडीच्या आकारावर. दोन्हीकडे एकच कंपनी आली तर उत्तम, पण ती ओढून आणू नये. मात्र घरी अजून काहीच घेतलेलं नसेल आणि पुढे वर्षातले सहा महिने रस्त्यावर घालवायचे असतील, तर सरळ दोन्हीकडे डिश घ्यावी. तिथे थोरल्यांचं "एकच बिल" तंतोतंत बरोबर ठरतं.

हे बोलणं चालू असताना धाकटी, म्हणजे धाकट्यांची बायको, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिला या चर्चेचीच गंमत वाटत होती.

"तुम्ही दोघं 1996 मध्ये भांडताय," ती म्हणाली. "भावोजी, स्टारलिंक घ्या आणि मोकळे व्हा. ताईच्या मराठी मालिका तशाही नेटवरच आहेत. झी फाइव्ह अमेरिकेत 2021 मध्ये आलं, तेव्हापासून तिने घरच्या टीव्हीवर दुसरं काही लावलंय का?"

ताईंनी मान डोलावली. थोरल्यांना हे नवीन होतं. क्रिकेटचंही तसंच. डॅलसच्या ग्रँड प्रेअरी मैदानावर 6 जून 2024 ला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं आणि ती ओव्हर मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने टाकली, तो सामना त्या घरात विलो या क्रिकेट वाहिनीवर पाहिला गेला होता. विलो डिशवरही मिळतं आणि नेटवरही. म्हणजे क्रिकेटसाठी कुठलीच तबकडी अत्यावश्यक नाही.

उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने आरव्हीसाठीची सेवा मे 2022 मध्ये आणली, आणि 2024 मध्ये पाठपिशवीत मावणारी मिनी तबकडीही आली. तिचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे खूप खाली, सतत धावणारे. त्यामुळे दक्षिणेचा एक कोपरा मोकळा असून भागत नाही, आकाशाचा रुंद तुकडाच लागतो. अमेरिकेत तिची तबकडी बहुधा उत्तरेकडे कलते. झाडाखाली तिचीही गत तीच. वीजही लागते: मुख्य तबकडी दिवसभर चालू ठेवली तर वाळवंटात बॅटरीवर राहणाऱ्याला ते जाणवतं. नेटवरच्या टीव्ही सेवांच्या अटी वेगळ्या. यूट्यूब टीव्ही घरचा पत्ता धरून चालतं आणि साधारण तीन महिन्यांतून एकदा तरी घराच्या भागातून लॉगिन व्हावं अशी अपेक्षा ठेवतं. सहा महिने घराबाहेर असणाऱ्याचं खातं त्यामुळे अडकू शकतं.

"म्हणजे धाकटीचंच खरं?" थोरल्यांनी जरा कंटाळून विचारलं.

"ज्यांना कामासाठी नेट लागतंच, त्यांचं खरं," धाकटे म्हणाले. "नेट असलं की टीव्ही त्यात फुकट आल्यासारखा. पण फक्त संध्याकाळी दोन तास बातम्या आणि सामना बघायचा असेल, तर दर महिन्याला नेटच्या योजनेचे पैसे आणि वर टीव्ही सेवेचे पैसे, हे जड जातं. आणि एक गोष्ट तुम्ही सगळे विसरताय. टपावरचा साधा अँटेना."

ही आठवण योग्य होती. मोटरहोमवर सहसा एक अँटेना आधीच बसवलेला असतो आणि शहरांच्या आसपास त्यावर एचडी वाहिन्या फुकट लागतात. आत कुठल्यातरी कपाटात एक बारकं बटण असतं. ते दाबल्यावर दिवा लागला की अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला बारा व्होल्ट वीज मिळते. कॅम्पग्राउंडची केबल जोडायची तर तो दिवा बंद करावा लागतो. हे बटण कुठे आहे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावं. कित्येक मालकांना ते दोन वर्षांनी सापडतं.

करार करताना आणखी एका गोष्टीचं भान ठेवावं लागतं, ते म्हणजे या कंपन्यांच्या तब्येतीचं. डायरेक्टीव्ही 1994 ची, डिश 1996 ची. 2001 मध्ये डिशच्या मालकांनी डायरेक्टीव्ही घ्यायचं ठरवलं. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने नकार दिला, कारण खेड्यापाड्यांत ग्राहकाला पर्यायच उरला नसता. 2015 मध्ये एटी अँड टीने डायरेक्टीव्ही घेतली. 2024 च्या सप्टेंबरमध्ये वारं उलटं फिरलं: डायरेक्टीव्हीने डिश घ्यायचं जाहीर केलं, तेही नाममात्र एका डॉलरला, अर्थात डोंगराएवढ्या कर्जासकट. डिशच्या रोखेधारकांनी कर्जातली सूट नाकारली आणि नोव्हेंबरमध्ये तोही बेत मोडला. एकेकाळी 1 कोटी 40 लाखांच्या घरात असलेले डिशचे उपग्रह ग्राहक 2024 च्या अखेरीस साठ लाखांच्या आत आले. उपग्रह उद्या बंद पडणार नाहीत, पण अशा काळात लांबचा करार गळ्यात बांधून घेण्याचं काही कारण नाही.

शेवटी थोरल्यांनी काय केलं? घरची डायरेक्टीव्ही ठेवली. गाडीसाठी जमिनीवर ठेवायचा घुमट, एक वॉली आणि महिन्याची योजना. जुना बॉक्स स्वस्तात मिळत होता, तो धाकट्यांनी घेऊ दिला नाही. आधी त्याचा क्रमांक कंपनीला कळवून त्यावर कुणाची थकबाकी नाही आणि तो भाड्याचा नाही याची खात्री करा, मगच पैसे द्या, असं त्यांनी बजावलं. खात्री झाली नाही, म्हणून नवाच आणला.

मोटरहोम घेणाऱ्या वाचकांसाठी एकच विनंती. विक्रेता टपावर तबकडी बसवायला आग्रह करील, तेव्हा थांबा. भिंतीवर केबलचं आणि सॅटेलाइटचं अशी दोन वेगळी भोकं आहेत ना, आणि सॅटेलाइटच्या भोकातून बॉक्सपर्यंतची केबल मध्ये कुठल्याही ॲम्प्लिफायरला किंवा स्प्लिटरला न शिवता सरळ जाते ना, एवढंच आधी तपासून घ्या. घुमटाला वीज त्याच केबलमधून मिळते. ती मध्ये अडली तर कुठल्याही कंपनीचा उपग्रह सापडणार नाही. पहिला मोसम जमिनीवरच्या घुमटावर काढा. टपाला भोक पाडायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.